कानाला दडा बसला तर: घरी काय करायचं, किती दिवस करायचं आणि कधी थांबायचं

मे महिन्यात सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर केलं की कानावर तळहात दाबून उभं असलेलं कुणीतरी हमखास भेटतं. आदल्या दिवशी गावाकडे जाऊन विहिरीत मनसोक्त उड्या मारलेल्या असतात आणि रात्रीपासून एक कान बंद. "ताई, कानाला दडा बसलाय, काय तरी टाकायला द्या की." माझं औषधांचं दुकान सोलापूरच्या पूर्व भागात आहे, त्यामुळे ही तक्रार तीन भाषांत येते. मराठीत कान, तेलुगूत चेवी, कन्नडात किवी. तिन्ही भाषांत पुढचं वाक्य मात्र एकच असतं: "काडी घालून बघितली, निघत नाही."

ते वाक्य ऐकलं की मला माझे वडील आठवतात. ते २७ वर्षं यंत्रमागावर होते. मागाचा आवाज सहन होत नाही म्हणून कानात कापसाचा बोळा कोंबायचे, आणि पाळी संपली की काडेपेटीतली काडी घेऊन कान कोरत बसायचे. हळूहळू त्यांना ऐकू येईनासं झालं. टीव्हीचा आवाज वाढला, आईचा आवाज वाढला, आणि "मागावरच्या माणसाचे कान जातातच" म्हणून आम्ही सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं. बऱ्याच काळाने दुसऱ्याच कामासाठी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही कान मळाने गच्च भरलेले होते. एका कानातून मळासोबत सुताचा जुना चोथाही निघाला. इतका काळ आम्ही ज्याला बहिरेपण म्हणत होतो, त्यातला मोठा भाग दहा मिनिटांत बाहेर आला.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. काउंटरच्या अलीकडून जे सांगता येतं ते पुरेशा वेळेत कधीच सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

मळ कुठे तयार होतो, आणि आत कसा जातो

मोठ्या माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, आतला दोन तृतीयांश हाडाचा, आणि शेवटी पडदा. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त बाहेरच्या भागात असतात. म्हणजे पडद्याजवळ मळ तयारच होत नाही. तिथे मळ सापडला तर तो बहुतेक वेळा कुणीतरी ढकललेला असतो. कुणीतरी म्हणजे आपणच.

कान स्वतः साफ होतो. पडद्याजवळची कातडी अतिशय संथपणे, जवळजवळ नख वाढतं त्या वेगाने, बाहेरच्या दिशेने सरकत असते आणि मळाला सोबत घेऊन येते. जेवताना, बोलताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी चावून खाणाऱ्या सोलापूरकराला हा व्यायाम रोजच घडतो. मळ ही घाण नव्हे. तो किंचित आम्ल असतो, पाणी अडवतो, धूळ आणि जंतू धरून ठेवतो. गिरणीतली, मागावरची सुताची तूस आत जाण्याआधी त्यालाच चिकटते. ज्याचा त्रास नाही तो मळ काढायचाही नसतो.

मग दडा का बसतो? पहिलं कारण काडी: कापसाची, काडेपेटीतली, केसांचा आकडा, पेनाचं टोपण, गाडीची चावी, टॉवेलचं पिळलेलं टोक. टोकाला थोडासा पिवळा मळ लागतो, म्हणून साफ झाल्यासारखं वाटतं, आणि उरलेला आत ठासून बसतो. जुन्या बंदुकीत दारू ठासायचे तसंच. काहींची नळी जन्मतः अरुंद किंवा वाकडी असते, काहींच्या कानात केस जास्त असतात. वय वाढतं तसा मळ कोरडा होतो आणि सहज सरकत नाही. श्रवणयंत्र, कानात घालायचे इअरफोन, मागावरचा बोळा यांनी बाहेर येणाऱ्या मळाची वाटच अडते.

आणि विहीर? विहिरीने काही बिघडवलेलं नसतं. अर्धवट भरलेल्या नळीत बारीकशी फट उरलेली असते, तिच्यातून ऐकू येत असतं. पाणी गेलं की मळ फुगतो आणि फट बुजते. आंघोळीनंतर किंवा पंढरपूरला चंद्रभागेत बुडी मारल्यावर अचानक दडा बसतो तोही यामुळेच. अनेकांना वाटतं, पाणी आत राहिलं. मग ते एका पायावर उड्या मारतात, डोकं आपटतात. पाणी कधीच निघून गेलेलं असतं, फुगलेला मळ राहतो.

पहिली पायरी: हा मळच आहे का?

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

मळाचा दडा साधारण असा असतो: कान जड वाटतो, आवाज दुरून आल्यासारखा वाटतो, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, कधी गूं गूं होतं, थोडी खाज असते. खोकल्याची ढासही लागू शकते, कारण नळीच्या कातडीत घशाशी नातं असलेल्या मज्जातंतूची एक फांदी असते. दुखतं ते क्वचित, आणि फारसं नाही.

कानाच्या तोंडाशी जो छोटा उंचवटा असतो तो दाबून पाहा, कान हलकेच ओढून पाहा. त्याने कळ आली तर नळीला सूज किंवा जंतुसंसर्ग असण्याची शक्यता जास्त. तिथे मळाचे थेंब घालू नका.

सर्दी झाली आहे आणि गिळताना, जांभई देताना कानात टक्कन वाजून क्षणभर मोकळं वाटतं? मग अडथळा बहुधा पडद्याच्या पलीकडे, नाकाला जोडणाऱ्या नळीत आहे. तिथवर कानात घातलेला थेंब पोचतच नाही.

पावसाळ्यात प्रचंड खाज, कोंदट वास, आणि ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं काहीतरी, त्यात काळे ठिपके? ती बुरशी. तेल घालायची सवय असलेल्या कानात ती मी जास्त पाहिली आहे. आणि ती असताना आणखी तेल घालणं म्हणजे तिला खायला घालणं.

आता सगळ्यात गंभीर शक्यता. कान दुखत नाही, पाणी गेलेलं नाही, सर्दी नाही, आणि सकाळी उठल्यावर एका कानाने एकदम ऐकू येईनासं झालं आहे. सोबत मोठा गुणगुणाट किंवा चक्कर. हे आतल्या कानाच्या मज्जातंतूचं काम असू शकतं. यात उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकणं परत येण्याची आशा जास्त असते. "मळ असेल, पाच दिवस थेंब घालून बघू" म्हणत हेच दिवस वाया जातात.

एक साधी खूण घरी पाहता येते. तोंड मिटून खालच्या पट्टीत "हं" असा सलग आवाज काढा आणि तो कुठल्या कानात मोठा वाटतो ते पाहा. मळाने किंवा कुठल्याही अडथळ्याने बंद झालेल्या कानात तो जास्त घुमतो. (चांगल्या कानात बोट घालून आवाज काढला की काय होतं ते लगेच कळेल: आवाज बोट घातलेल्या बाजूला सरकतो.) पण बंद वाटणाऱ्या कानाऐवजी चांगल्याच कानात आवाज मोठा येत असेल तर मज्जातंतूचा संशय घ्या आणि त्याच दिवशी तपासून घ्या. ही खूण निदान नव्हे. दोन्ही कान बंद असतील तर तिचा काही उपयोग नाही. तरीही काउंटरवर मी ही विचारते, कारण विचारायला काही खर्च येत नाही.

दुसरी पायरी: घरी काही करूच नये अशी माणसं

पडद्याला भोक आहे किंवा पूर्वी होतं, कान वाहतो किंवा लहानपणी वाहायचा, कानाचं ऑपरेशन झालं आहे, मुलाच्या पडद्यात नळी बसवली आहे, आत्ता दुखतंय, रक्त किंवा पू येतोय, ताप आहे, चक्कर येते आहे. यातलं एकही लागू असेल तर थेंबही नाही आणि पाणीही नाही, सरळ डॉक्टर. एकाच कानाने ऐकू येत असेल तर त्या एकमेव चांगल्या कानावर घरी प्रयोग करू नयेत.

मधुमेहींनी विशेष जपावं. साखर वाढलेली असताना नळीला झालेली छोटीशी जखम आणि त्यात गेलेलं पाणी यातून हाडापर्यंत पोचणारा संसर्ग होऊ शकतो, विशेषतः उतारवयात. मधुमेह असलेल्या माणसाचा कान रात्री झोप लागू नये इतका दुखत असेल तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नका.

तिसरी पायरी: थेंब

आमच्याकडे मळाचे जे थेंब जास्त खपतात त्यांत पॅराडायक्लोरोबेंझीन, बेंझोकेन, क्लोरब्युटॉल आणि टर्पेंटाईन तेल असं मिश्रण असतं. दुसरा पर्याय सोडा बायकार्बचे थेंब. साधं ऑलिव्ह तेल किंवा बदाम तेलही मळ मऊ करतं (सुक्या मेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी बदाम तेल वापरू नये). कोणता सगळ्यात चांगला, असं मला रोज विचारतात. खरं उत्तर हे की एक प्रकार दुसऱ्यापेक्षा ठाम सरस आहे असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. पाच दिवस नेमाने काहीतरी घालणं हे काहीच न घालण्यापेक्षा बरं. महागाची बाटली मागू नका.

"मागच्या वेळी डॉक्टरांनी दिलेलेच द्या" म्हणून जुना कागद आणला जातो, आणि त्यावर असतात अँटिबायोटिकचे थेंब. ते मळासाठी नसतात. जेंटामायसिन, निओमायसिन असलेले थेंब फाटक्या पडद्यातून आत गेले तर ऐकण्यालाच इजा करू शकतात. एक आणखी: डोळ्यांत घालायचं औषध डॉक्टर कधी कधी कानातही सांगतात, पण कानाचे थेंब डोळ्यात कधीही नाहीत. टर्पेंटाईनचा एक थेंब डोळ्याची आग आग करतो. दोन्ही बाटल्या एकाच फडताळात ठेवू नका.

आता घालायचे कसे.

बाटली आधी मुठीत धरून बसा, चार-पाच मिनिटं. गार थेंब पडला की गरगरतं. बाटली गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात गरम करू नका.

बंद कान वर येईल असं कुशीवर झोपा. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे हलकेच ओढला की वाकडी नळी सरळ होते. तीन वर्षांच्या आतल्या बाळाचा खाली आणि मागे ओढतात, पण इतक्या लहान बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थेंब घालूच नयेत. ओढण्याचं काम दुसऱ्या कुणी केलं तर सोपं जातं. बाटलीवर लिहिलेल्या मापाने, साधारण तीन ते पाच थेंब, नळीच्या भिंतीवरून ओघळतील असे सोडा. बाटलीचं टोक कानाला टेकवायचं नाही. मग तोंडाशी असलेला तो उंचवटा चार-पाच वेळा हलका दाबून सोडा, त्याने थेंब आत सरकतात.

पाच ते दहा मिनिटं तसंच पडून राहा. इथेच बहुतेक जण उपचार बिघडवतात: दोन मिनिटांत उठतात, सगळं औषध उशीवर. त्यापेक्षा भजन लावा, बातम्या लावा, पण पडून राहा. उठल्यावर बाहेर आलेलं मऊ टॉवेलने पुसा. कापसाचा बोळा कानात ठेवू नका, तो औषध शोषून घेतो.

दिवसातून दोन-तीन वेळा, तीन ते पाच दिवस. बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर बाटली खरी.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट होण्याची शक्यता आहे, ती आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही घाबरून दुकानात बाटली परत करायला याल. कान आणखी बंद होतो. मळ औषध पिऊन फुगतो, त्यामुळे तसं होतं. याचा अर्थ औषध चुकलं असा नाही. याच दिवशी हात काडीकडे वळतो आणि सगळं मुसळ केरात जातं. काडी घरातून बाहेर टाका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बऱ्याच जणांच्या उशीवर तपकिरी डाग दिसू लागतात आणि कान हळूहळू मोकळा होतो.

जळजळ झाली, दुखायला लागलं, पुरळ आलं किंवा चक्कर आली तर थेंब बंद. पाच दिवसांत कान मोकळा झाला नाही तरी बंद. सहाव्या दिवशी दुसरी बाटली घेऊ नका, डॉक्टरांकडे जा. मी त्याच माणसाला दुसरी बाटली देत नाही.

पाणी मारावं का?

मऊ झालेला मळ पाण्याने धुऊन काढता येतो, आणि निरोगी पडद्याच्या मोठ्या माणसाला मऊ रबरी फुग्याने हे घरी करता येतं. तरी माझा सल्ला हाच की हे तपासणाऱ्याच्या हाती सोडा. डॉक्टर आधी आत बघतात, आपण न बघता पाणी मारतो.

ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी. सुई काढलेली इंजेक्शनची पिचकारी वापरू नका, तिची धार नको इतकी जोरकस असते. पाणी उकळून शरीराइतकं कोमट होऊ द्यायचं, ३७ अंशांच्या आसपास, मनगटाच्या आतल्या बाजूला टाकलं तर ना गार ना गरम लागलं पाहिजे. गार किंवा गरम पाण्याने आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या द्रवाचं तापमान बदलतं आणि खोली गरगर फिरायला लागते. आणि उकळायचं ते यासाठी की आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि बॅरलमध्ये साठून राहतं. ते पाणी थेट कानात जायला नको. धार पडद्यावर सरळ मारायची नाही, नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर, अगदी हलक्या दाबाने, बाहेर यायला जागा ठेवून. दुखलं की थांबायचं. एक-दोनदा करून निघालं नाही तर पुरे. शेवटी डोकं कलतं करून पाणी निथळू द्या आणि बाहेरचा भाग कोरडा करा.

चौथी पायरी: डॉक्टरांकडे

कान-नाक-घशाचे डॉक्टर सोलापुरात ठिकठिकाणी आहेत. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलला जा. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं ते रुग्णालय आहे. केस पेपर काढून कान-नाक-घसा विभाग विचारा. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पूर्वी कान फुटला असेल तर बसल्या बसल्या आधी हेच सांगा. जाण्याआधी तीन-चार दिवस थेंब घातलेले असतील तर मळ काढणं बरंच सोपं जातं. बऱ्याचदा दगडासारखा मळ असलेल्या माणसाला डॉक्टर थेंब लिहून परत बोलावतात. त्यांनी काम टाळलं असं समजू नका, कोरडा मळ ओढला तर कातडी सोलवटते.

डॉक्टर आधी दुर्बिणीसारख्या दिव्याने आत पाहतात. मग तीनपैकी एक करतात: पाण्याने धुणं, बारीक हत्याराने पाहत पाहत काढणं, किंवा बारीक नळीने ओढून घेणं, ज्याला सक्शन म्हणतात. पडद्याला भोक असेल तर पाणी वापरत नाहीत, तिथे सक्शन किंवा हत्यार. सक्शनचा आवाज कानात फार मोठा येतो, आणि थोडा वेळ गरगरूही शकतं. हे माहीत नसलं की माणूस दचकून मान हलवतो, आणि आत हत्यार असताना मान हलणं हाच खरा धोका. दुखलं तर हात वर करायचा, मान हलवायची नाही, हे बसण्याआधी ठरवून घ्या. मध्येच खोकल्याची ढास आली तर डॉक्टरांना थांबायला सांगा, तेही मज्जातंतूच्या त्या फांदीचंच काम.

निघाल्यावर एक-दोन दिवस सगळं फार मोठ्याने ऐकू येतं. वडिलांना परतताना रिक्षाचा हॉर्न सहन होईना, आणि घरी आल्यावर पंख्याचा आवाज कुठून येतोय ते शोधत बसले. गरगरत असेल तर लगेच गाडी चालवू नका. काही दिवस कानात पाणी जाऊ देऊ नका. आंघोळ करताना कापसाच्या बोळ्याला बाहेरून व्हॅसलीन लावून नळीच्या तोंडाशी ठेवता येतो, आत ढकलायचा नाही. दुखणं वाढलं किंवा पाणी यायला लागलं तर परत दाखवा.

हे नको

कापसाच्या काडीबद्दल वर बोलले. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांतही कानात कोपरापेक्षा लहान काही घालू नका, असाच सल्ला आहे. त्याच सूचनांत कानात पोकळ मेणबत्ती लावून मळ ओढण्याच्या प्रकाराला स्पष्ट नकार आहे. मेणबत्ती मळ ओढत नाही, ती भाजते आणि मेण आत पडतं.

गड्ड्याच्या यात्रेत, बाजारात, स्टँडवर सळई आणि कापूस घेऊन कान साफ करून देणारे भेटतात. त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न मला कळतो. पण तीच सळई या कानातून त्या कानात जाते आणि आत काय आहे ते त्यांना नीट दिसत नाही. कान त्यांच्यापुढे करू नका.

लसणाचं तेल, गरम मोहरीचं तेल, कांद्याचा रस, दूध. यातलं काही कानात जाऊ नये. लसूण कातडी भाजतो, आणि गरम तेलाने पडद्याला इजा होते. बाळाला मालीश करताना दोन्ही कानांत तेल सोडायची पद्धत घराघरांत आहे. आजीच्या प्रेमावर शंका नाही, पण त्या तेलाची बाळाला गरज नसते. आंघोळीनंतर कानाच्या मागचा आणि बाहेरचा भाग पुसला तरी पुरे. मोबाईलवर मागवून मिळणारे कॅमेरा लावलेले कानकोरणेही नकोत. चित्र दिसतं, पण सळई आपल्याच हातात असते आणि मागून कुणी धक्का दिला की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

मुलाच्या कानात ज्वारीचा दाणा, शेंगदाणा, मणी गेला तर पाणी घालू नका, दाणा फुगतो. घड्याळाची किंवा खेळण्यातली चपटी बॅटरी गेली असेल तर थेंब, तेल काहीच न घालता तत्काळ दवाखाना गाठा, ती काही तासांत आतून जाळते. जिवंत किडा गेला असेल आणि पडदा चांगला असल्याची खात्री असेल तर कोमट खोबरेल तेलाचे काही थेंब घालून तो निपचित होऊ द्या, आणि काढायला डॉक्टरांकडे जा.

मागावरच्या माणसांसाठी

हे थोडं लांबेल, पण माझ्या भागासाठी ते गरजेचं आहे. वडिलांचा किस्सा ऐकून काही जण म्हणतात, "म्हणजे बोळा घालायचाच नाही." तसं अजिबात नाही. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथला आवाज कानाला घातक आहे असं समजा. त्या आवाजाने आतल्या कानातल्या ज्या पेशी मरतात त्या पुन्हा येत नाहीत. मळ कधीही काढता येतो, मेलेली पेशी नाही.

कापसाचा बोळा आवाज फार कमी अडवतो आणि मळ मात्र आत ढकलतो, म्हणून तो दोन्हीकडून तोट्याचा. कानावरून बसणारे कप, ज्यांना इअरमफ म्हणतात, ते सगळ्यात चांगले. ते नळीत शिरतच नाहीत. उन्हाळ्यात शेडमध्ये ते नकोसे होतात हे खरं. मग फोमचे प्लग वापरा, पण हात धुऊन, रोज स्वच्छ, आणि मळकट झाले की फेकून. प्लग वापरणाऱ्याने वर्षातून एकदा कान दाखवून घ्यावा. श्रवणयंत्र वापरणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्यांचे कान तर तीन ते सहा महिन्यांनी. यंत्र शिट्टी मारतं किंवा आवाज बारीक झाला म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी कानात आणि यंत्राच्या तोंडाशी मळ आहे का ते पाहा. आजोबा हल्ली उत्तर देत नाहीत, विसरायला लागलेत, चिडचिडे झालेत असं वाटलं तरी आधी कान तपासा.

रोजची स्वच्छता म्हणाल तर आंघोळीनंतर डोकं दोन्ही बाजूंना कलतं करा, आणि आपल्या सोलापुरी टॉवेलचा मऊ भाग बोटावर गुंडाळून बोट सहज जाईल तेवढंच पुसा. ज्यांना दर काही महिन्यांनी दडा बसतो त्यांनी आठवड्यातून एकदा दोन थेंब ऑलिव्ह तेल चालेल का हे एकदा कान दाखवून डॉक्टरांना विचारावं. पडदा बघितल्याशिवाय ही सवय लावून घेऊ नये.

मळ निघाल्यावरही ऐकू कमी येत असेल तर श्रवण चाचणी करून घ्या. वडिलांची केली. खालच्या पट्टीतलं बरंचसं परत आलं होतं, वरच्या पट्टीतलं मागाने कायमचं नेलं होतं. पाखरांचा बारीक चिवचिवाट त्यांना आजही ऐकू येत नाही. पण आईने स्वयंपाकघरातून नेहमीच्या आवाजात "जेवायला या" म्हटलं की ते उठतात.